थांबत थांबत वाचलेली पुस्तके

‘हातातून खाली ठेववत नाही’ ही दाद तमिळ वाचकांनी ज्या कादंबरीला सर्वांत जास्त दिली असेल, ती कादंबरी पहिल्या वाचकांपैकी एकालाही सलग वाचता आलेली नव्हती. कल्कींची ‘पोन्नियिन सेल्वन’ २९ ऑक्टोबर १९५० रोजी ‘कल्की’ साप्ताहिकात सुरू झाली आणि १६ मे १९५४ रोजी संपली. साडेतीन वर्षांहून अधिक काळ दर आठवड्याला थोडी पाने हाती यायची आणि नेमक्या नको त्या जागी प्रकरण तुटायचे. पुढच्या अंकापर्यंत वाट पाहण्यावाचून इलाज नसे. एवढ्या अवधीत मुली लग्न होऊन सासरी गेल्या असतील, मुले शाळा संपवून नोकरीला लागली असतील. तरी वाचक टिकले. अनेक घरांनी साप्ताहिकातली पाने कापून, चित्रकार मणियम यांच्या चित्रांसकट, बाइंडरकडून बांधून घेतली. पुस्तक दुकानात येण्याआधीच घरोघरी त्याचे खंड तयार झाले होते.

या संग्रहाचा विषय अशी पुस्तके आणि ती जिथे रुजली तो मुलूख, म्हणजे कावेरीच्या मुखाकडचा त्रिभुज प्रदेश. एकेकाळचा अखंड तंजावर जिल्हा आज तंजावर, तिरुवारूर, नागपट्टिणम आणि मयिलाडुदुरै अशा जिल्ह्यांत वाटला गेला आहे. या चिमूटभर पट्ट्याने विसाव्या शतकातल्या तमिळ वाचनसंस्कृतीला जे लेखक, संपादक आणि ग्रंथपाल दिले, त्यांची नुसती नावे पाहिली तरी थक्क व्हायला होते. कल्की मायावरमजवळच्या पुत्तमंगलमचे. ‘आनंद विकटन’ घराघरांत नेणारे एस. एस. वासन तिरुत्तुरैप्पूंडीचे. भारतीय ग्रंथालयशास्त्राचे जनक शि. रा. रंगनाथन शियाळीचे, म्हणजे आजच्या सीर्काळीचे. ति. जानकीरामन मन्नारगुडीकडच्या देवंगुडीचे. कु. प. राजगोपालन, न. पिच्चमूर्ती आणि एम. व्ही. वेंकटराम कुंभकोणमचे.

हे सगळे इथेच का? पहिले कारण पाणी. चोळांच्या काळापासून कल्लणैच्या बंधाऱ्याने आणि कालव्यांच्या जाळ्याने या जमिनीला भाताची दोन-दोन पिके दिली. १९३४ मध्ये मेट्टूर धरण झाल्यावर ‘कुरुवै’ आणि ‘सांबा’ या हंगामांचे वेळापत्रक आणखी पक्के झाले. भातातून जमीनदारी आली, देवळे आली, ब्राह्मणवस्तीचे अग्रहार आले आणि शिकण्याला लागणारी सवड आली. कुंभकोणमच्या सरकारी कॉलेजने इंग्रजी शिकलेला वर्ग तयार केला, रेल्वेने मद्रासचे मासिक गावाजवळच्या स्टेशनापर्यंत आणले. मात्र ही सवड सगळ्यांची नव्हती. ज्यांच्या चिखलातल्या राबण्यावर ती उभी होती, त्यांची वस्ती अग्रहारापासून दूर, चेरीत, म्हणजे दलितवस्तीत होती. खाली ठेववत नाही अशा पुस्तकांबद्दल बोलताना, ती हातात घ्यायची मुभा कोणाला होती, हा प्रश्न या प्रदेशात टाळता येत नाही. तो पुढे येईलच.

दुसरे कारण जुने आहे आणि त्यात आपल्या भाषेचा वाटा आहे. १६७६ पासून १८५५ पर्यंत तंजावरवर भोसल्यांचे राज्य होते. त्या राज्याची आठवण महाराष्ट्रात सहसा सरस्वती महाल ग्रंथालय, सरफोजीराजे आणि बृहदीश्वर मंदिराच्या भिंतीवर १८०३ मध्ये कोरलेला भोसलेवंशाचा प्रचंड मराठी शिलालेख एवढ्यापुरती राहिली आहे. (वाचक स्वतः भिंतीच्या कडेने चालत जातो तेव्हाच पुढची ओळ येते, खाली ठेवता न येण्याचा हा एक अगदी खरा प्रकार.) पण राजवाड्याबाहेर, गावागावांत जे पोचले ते मराठी कीर्तन. समर्थ संप्रदायाचे मठ तंजावर-मन्नारगुडी भागात सतराव्या शतकापासून होते. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात मोरगावकरबुवांसारख्या कीर्तनकारांची कथा ऐकून तंजावर कृष्ण भागवतरांनी कर्नाटक संगीताच्या अंगाने हरिकथा घडवली, आणि तमिळ हरिकथेत साकी, दिंडी, ओवी, अभंग हे आपले छंद कायमचे बसले.

कीर्तनकाराची एक खोड आपल्या सगळ्यांच्या परिचयाची आहे. आख्यान ऐन रंगात आले, आता बाण सुटणार, आता द्रौपदी हाक मारणार, की बुवा थांबतात. एक पद घेतात, एक दृष्टांत देतात, अबीर-बुक्का होतो. श्रोता उठून जात नाही, उलट सरसावून बसतो. कल्कींनी हे तंत्र हरिकथेतून उचलले असे कोणाला सिद्ध करता येणार नाही, आणि मी तसे म्हणतही नाही. म्हणणे एवढेच आहे की कावेरीकाठच्या श्रोत्याला अडवलेली गोष्ट पिढ्यानपिढ्या सवयीची होती. साप्ताहिक आले तेव्हा त्याला वाट कशी पाहावी हे शिकवावे लागले नाही. या संग्रहामागचा मुख्य विचार हाच आहे: पुस्तकाची पकड वेगातून येते असे आपण धरून चालतो, पण या प्रदेशातला अनुभव सांगतो की ती थांबण्यातून येते. गोष्ट कुठे अडवायची हे लेखकाला कळले, आणि त्या अडलेल्या वेळात गोष्टीवर बोलायला आजूबाजूला माणसे असली, की ती मनातून उतरत नाही.

छापील कादंबरीतला पहिला प्रवाह रहस्यकथेचा. मन्नारगुडीजवळच्या वदुवूर गावचे दुरैस्वामी अय्यंगार तहसीलदारकी सोडून पूर्णवेळ कादंबरीकार झाले. त्यांचा ‘दिगंबर सामियार’ हा संन्याशाच्या वेषातला गुप्तहेर. ‘मेनका’, ‘कुंभकोणम वक्कील’ अशा कादंबऱ्यांतून कट, अपहरणे आणि वेषांतरे यांचा सुकाळ. ‘मेनका’वर १९३५ मध्ये बोलपट आला, ‘दिगंबर सामियार’ १९५० मध्ये. त्या काळी भारतभर वाचल्या जाणाऱ्या रेनॉल्ड्सच्या इंग्रजी कादंबऱ्यांची सावली या सगळ्या लेखनावर आहे, पण वदुवूरांनी ती थेट कुंभकोणमच्या वकिलांच्या दिवाणखान्यात आणि सासू-सुनांच्या माजघरात आणून सोडली. पुढच्या समीक्षकांनी त्यांना फारसे मोजले नाही. तरीही ज्या वाचकाला पुढे कल्की मिळाले, त्याची पाने उलटण्याची बोटे वदुवूरांनी तयार केली होती. बाबूराव अर्नाळकरांचे आपल्यावरचे ऋण आपण जितक्या कंजूषपणे मान्य करतो, तितक्याच कंजूषपणे तमिळ समीक्षेने हे मान्य केले आहे.

दुसरा प्रवाह साप्ताहिकांचा. वासन यांनी १९२८ मध्ये ‘आनंद विकटन’ विकत घेतले आणि त्याला विनोदाचे, व्यंगचित्रांचे, कथांचे नियतकालिक बनवले. रा. कृष्णमूर्ती, म्हणजेच कल्की, तिथे रुळले. असहकाराच्या चळवळीत शाळा सोडलेला आणि तुरुंग पाहिलेला हा तरुण, तमिळ गद्याला बोलण्याचा ओघ देणारा पहिला लोकप्रिय लेखक ठरला. त्याआधीची छापील तमिळ पंडिती वळणाची होती. कल्कींचे वाक्य मोठ्याने वाचले तरी अडखळायला होत नाही. ज्या घरात एकच अंक यायचा आणि एकाने वाचायचा, बाकीच्यांनी ऐकायचे, तिथे हा गुण लाखमोलाचा होता. १९४१ मध्ये ते ‘विकटन’ सोडून स्वतःच्या ‘कल्की’ साप्ताहिकाकडे वळले. त्या साप्ताहिकाच्या भांडवलाला एम. एस. सुब्बुलक्ष्मींनी ‘सावित्री’ चित्रपटात नारदाची भूमिका करून मिळवलेल्या पैशांचा हातभार होता. मग ‘पार्तिबन कनवु’, ‘शिवगामियिन सबदम’ आणि शेवटी ‘पोन्नियिन सेल्वन’.

मराठी वाचकाने या कादंबरीकडे ‘स्वामी’ किंवा ‘मृत्युंजय’च्या चष्म्यातून पाहू नये. रणजित देसाई किंवा शिवाजी सावंत एका माणसाच्या मनात उतरतात. कल्की एका मुलखावर पसरतात. दहाव्या शतकातले चोळ राज्य आहे, राजा सुंदर चोळ अंथरुणाला खिळला आहे, गादीवर हक्क सांगणारे अनेक आहेत, आणि थोरला राजपुत्र आदित्य करिकालन मारला जाणार आहे. हे सारे आपण वंदियत्तेवन नावाच्या एका उमद्या, तोंडाळ, नेहमी अडचणीत सापडणाऱ्या निरोप्याच्या मागोमाग पाहतो. कादंबरी सुरू होते तीही आडी महिन्याच्या अठराव्या दिवशी, पुराचे नवे पाणी आल्याच्या सणाला, वीरनारायण तलावाच्या काठावर. तिथून पळैयारै, तंजावर, नागपट्टिणमचा बौद्ध विहार, कोडिक्करैचा दीपस्तंभ आणि होडी वल्हवणारी पूंगुळली; गोष्ट पाण्याच्या मार्गाने वाहत श्रीलंकेपर्यंत जाते. कल्कींनी इतिहासकार नीलकंठ शास्त्रींचे चोळांवरचे संशोधन आणि ताम्रपट-शिलालेख अभ्यासले होते, आणि त्यांतल्या रिकाम्या जागा हेरल्या होत्या. काट्टुमन्नारकोयिलजवळच्या उडैयारगुडीच्या शिलालेखात आदित्य करिकालनाच्या मारेकऱ्यांची नावे आहेत, पण त्यांनी खून का केला आणि मागे कोण होते, हे दगड सांगत नाही. कल्कींनी ते अनिश्चितपण मिटवले नाही, उलट वाढवले. पाच खंड वाचून झाल्यावरही करिकालनाला नेमके कोणी मारले हे ठामपणे सांगता येत नाही. शेवट अर्धवट वाटल्याची तक्रार करणाऱ्या वाचकांना कल्कींनी उपसंहारात उत्तरे दिली. त्याच वर्षी, डिसेंबर १९५४ मध्ये, ते गेले. पण ती चर्चा आजही थांबलेली नाही. दुसऱ्या लेखकांनी पुढचे भाग लिहिले, बालकुमारन यांनी ‘उडैयार’मध्ये राजराज आणि बृहदीश्वराच्या उभारणीची दीर्घ कथा सांगितली. एम. जी. आर. यांनी १९५८ मध्ये हाती घेतलेला चित्रपट राहून गेला. मणिरत्नम यांनी तो २०२२ आणि २०२३ मध्ये दोन भागांत आणला.

आपल्याकडे याला समांतर काय? हरिभाऊ आपट्यांची ‘पण लक्षात कोण घेतो?’ १८९० पासून ‘करमणूक’मध्ये क्रमशः येत होती आणि वाचक यमूच्या पुढच्या दैवाची वाट पाहत होते. पण मराठीत पुढे कादंबरी साप्ताहिकापासून सुटून ग्रंथरूपाकडे आणि ग्रंथालयांकडे लवकर गेली. तमिळमध्ये ‘विकटन’, ‘कल्की’ आणि १९४७ मध्ये सुरू झालेले ‘कुमुदम’ यांच्या चढाओढीत ती कित्येक दशके साप्ताहिकाच्याच घरी राहिली. या एका फरकातून दोन्ही भाषांतल्या लोकप्रिय कादंबरीचे बरेच वेगळेपण उलगडते.

साप्ताहिक पैसे मोजणाऱ्याकडे जायचे. पुस्तक ज्याच्या दारात येत नव्हते त्याचे काय? १९३१ मध्ये रंगनाथन यांनी ग्रंथालयशास्त्राची पाच सूत्रे पुस्तकरूपाने मांडली, आणि त्याच वर्षीच्या ऑक्टोबरमध्ये मन्नारगुडीजवळच्या मेलवासल गावातून एक बैलगाडी निघाली. निवृत्त इंजिनिअर कनकसबै पिळ्ळै यांनी तयार करवलेले हे फिरते ग्रंथालय होते, आणि उद्घाटनाला स्वतः रंगनाथन होते. गाडी आसपासच्या गावांत फिरायची, पुस्तके द्यायची, पुढच्या फेरीला परत घ्यायची. म्हणजे इथेही वाचन फेऱ्यांनी होत असे, आणि एक पुस्तक परत करणे हीच दुसरे मिळण्याची अट होती. १९४८ च्या मद्रास सार्वजनिक ग्रंथालय कायद्याकडे, जो देशातल्या अशा अगदी पहिल्या कायद्यांपैकी एक, जाणाऱ्या वाटेवर ही बैलगाडी लागते.

तिसरा प्रवाह कुंभकोणमचा, आणि तो पहिल्या दोन्हींच्या उलट्या दिशेला जातो. १९३३ मध्ये सुरू झालेल्या ‘मणिक्कोडी’ नियतकालिकाभोवती जमलेल्या लेखकांनी कथानकाची ओढ संशयाने पाहिली. कु. प. राजगोपालन यांच्या कथांत घडते फार थोडे. एका खोलीत दोन माणसे असतात, एक वाक्य अर्धवट राहते, आणि वाचकाचा श्वास अडकतो. याच घरातून ति. जानकीरामन आले. त्यांची ‘मोहमुळ’ मराठी वाचकाने वाचलीच पाहिजे, आणि त्यासाठी एक कारण साहित्याबाहेरचेही आहे. कुंभकोणमात संगीत शिकणारा बाबू आपल्याहून दहा वर्षांनी मोठ्या यमुनेच्या प्रेमात पडतो. ही यमुना तंजावरच्या एका मराठा बाईची आणि ब्राह्मण बापाची मुलगी आहे. तिचे लग्न जमत नाही, घराची रया जाते, आणि दोन जातींच्या सांध्यावर उभी असलेली ही स्त्री कोणाचीच होत नाही. राज्य गेल्यानंतर तंजावरच्या मराठ्यांचे पुढे काय झाले, याचे महाराष्ट्रात फारसे न विचारले गेलेले उत्तर एका तमिळ कादंबरीत आहे. ‘अम्मा वंदाळ’ (१९६६) तर काही वाचकांना इतकी झोंबली की तिच्यावर वाद पेटले: आईचे परपुरुषाशी नाते, आणि ते पाहणारा वेदपाठशाळेतला मुलगा. जानकीरामन यांची पकड संवादात आहे. पात्रे तंजावरच्या बोलीत एकमेकांना चिमटे काढत, खुशामत करत, खोटे बोलत राहतात, आणि महत्त्वाचे ते बोलण्यातून निसटून जाते. इथे प्रकरण अडवायची गरज नाही. माणसेच एकमेकांपाशी अडतात.

या प्रवाहाच्या कडेला दोन अस्वस्थ करणारी पुस्तके उभी आहेत. करिच्चान कुंजू यांची ‘पसित्त मानिडम’ कुष्ठरोग झालेल्या माणसाच्या नजरेतून भूक आणि देह मांडते. कुंभकोणमच्या सौराष्ट्र विणकर समाजातले एम. व्ही. वेंकटराम यांची ‘कादुगळ’ सतत कानात आवाज ऐकू येणाऱ्या माणसाची आहे. तिला साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. दोन्ही पुस्तके मनोरंजक नाहीत, पण हातात घेतल्यावर सुटत नाहीत.

आता तो मागे ठेवलेला प्रश्न. २५ डिसेंबर १९६८ च्या रात्री नागपट्टिणमजवळच्या कीळवेणमणी गावात मजुरी वाढवून मागणाऱ्या दलित शेतमजुरांच्या वस्तीवर हल्ला झाला. एका झोपडीत आसरा घेतलेले ४४ जण, बहुतेक बायका, मुले आणि म्हातारे, जिवंत जाळले गेले. भाताच्या ज्या सुबत्तेवर अग्रहारातला वाचक पोसला गेला होता, तिची किंमत त्या रात्री उघडी पडली. इंदिरा पार्थसारथी यांनी त्यावर ‘कुरुदिप्पुनल’ (१९७५) लिहिली. तिला साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला, आणि जमीनदाराच्या क्रौर्याचे कारण त्याच्या खासगी न्यूनगंडात शोधल्याबद्दल टीकाही झाली. शोलै सुंदरपेरुमाळ यांनी ‘सेन्नेल’मध्ये तीच घटना मजुरांच्या बाजूने आणि त्यांच्या बोलीत सांगितली. राजम कृष्णन यांनी मणलूर मणियम्मै या अग्रहारातून बाहेर पडून शेतमजुरांच्या चळवळीत शिरलेल्या विधवेवर कादंबरी लिहिली. ही पुस्तके खाली ठेवावीशी वाटतात आणि ठेवता येत नाहीत. पुढे काय होणार हे आधीच ठाऊक असते. तरी पान उलटावे लागते, कारण न उलटणे म्हणजे पाठ फिरवणे ठरेल. पकडीचा हा चौथा प्रकार मानला नाही, तर या मुलखाचा वाचन-इतिहास अर्धाच राहील.

हे सगळे आज, आणि मराठीत, कशासाठी? एक कारण साधे आहे. तमिळ साहित्य मराठीत फार कमी आले आहे, आणि जे आले त्यातले बरेच इंग्रजी किंवा हिंदीच्या वळशाने. तंजावरशी जवळपास दोनशे वर्षांचे नाते सांगणाऱ्या भाषेला हे शोभत नाही. दुसरे कारण वाचण्याच्या बदललेल्या रीतीशी जोडलेले आहे. आता मालिकेचे सगळे भाग एका रात्रीत पाहता येतात, कादंबरीचे पाचही खंड फोनमध्ये मावतात, ‘पोन्नियिन सेल्वन’ कानाने ऐकणारे श्रोतेही असंख्य आहेत. तमिळनाडू सरकारने कल्कींच्या लेखनाचे राष्ट्रीयीकरण केल्यामुळे स्वस्त आवृत्त्या जागोजागी मिळतात. पुस्तक मिळणे कधी नव्हे इतके सोपे झाले. दोन प्रकरणांमधला आठवडा मात्र गेला. त्या आठवड्यात वाचक काय करत? कादंबरीतली नंदिनी खरी कोण यावर भांडत, शेजारच्या घरी अंक मागायला जात, पुढचे प्रकरण स्वतः रचत. पुस्तकाचा अर्धा भाग लेखकाने लिहिला आणि अर्धा वाचकांनी या फटीत लिहिला. एका बैठकीत संपवलेले पुस्तक आवडते; पण गावाचे होण्याइतका त्याला वेळ मिळत नाही.

या संग्रहाने स्वतःला काही मर्यादा घालून घेतल्या आहेत. हा तमिळ कादंबरीचा इतिहास नाही. मद्रास, मदुराई, कोंगू, नांजिल या भागांतले थोर लेखक इथे मुद्दाम घेतलेले नाहीत. कावेरीच्या पाण्यावर वाढलेली किंवा त्या पाण्याकडे पाहणारी पुस्तकेच निवडली आहेत. प्रत्येक पुस्तकावर एक लेख आहे आणि सोबत एखाद्या प्रसंगाचा तमिळमधून थेट केलेला अनुवाद. लेखकांना एकच विनंती केली होती: गोष्ट सांगून टाकू नका, ती कुठे आणि कशी पकडते ते दाखवा. लोकप्रिय आणि अभिजात अशी उतरंड आम्ही पाळलेली नाही. वदुवूर आणि जानकीरामन शेजारी बसले आहेत, आणि त्यांच्यात वाद व्हावा अशी आमची इच्छाच आहे. स्थळांची नावे तमिळ उच्चाराला जवळ ठेवली आहेत. नात्यांची संबोधने, सणांची नावे, भाताच्या हंगामांची नावे बदललेली नाहीत, कारण ती बदलली तर माणसे बदलतात.

वाचकाला एक सूचना मात्र करावीशी वाटते. हा संग्रह पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत एका दमात संपवण्यात काही मिळवण्यासारखे नाही. एक लेख वाचावा, मग त्यातले मूळ पुस्तक मराठीत, हिंदीत, इंग्रजीत, जिथे मिळेल तिथे शोधावे. मिळाले नाही तर आपल्या ग्रंथालयात त्याची मागणी नोंदवावी आणि प्रकाशकाला तमिळमधून थेट अनुवादाबद्दल विचारावे. प्रत्येक वाचकाला त्याचे पुस्तक मिळावे, हे शियाळीच्या रंगनाथन यांचे सूत्र मागणाऱ्याशिवाय चालत नाही. ‘मोहमुळ’मधल्या यमुनेची गोष्ट तिच्या आईच्या भाषेत सहज मिळू लागली, तर या संग्रहाचे काम झाले असे आम्ही समजू.